बांधावरची भाजी आणि डोंगरची माणसे

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग



या पानावर दर अंकात आपण बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडवा यांविषयी बोलतो. या खेपेस थोडा बाजूला वळणार आहे. विषय भाजीचा आहे. परंतु तो ऊसवाल्याने वाचावा असाच आहे, कारण ही भाजी आपल्याच उसात उगवते आणि आपणच ती मारतो. मारण्याचा सल्ला देणारा मी, हे सुरुवातीलाच कबूल करून टाकतो.

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. डिसेंबरचे दिवस होते. एका सभासदाच्या आडसाली उसाची तोड चालू होती. टोळी लहानच होती, अकोले तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातून आलेल्या महादेव कोळी आणि ठाकर कुटुंबांची. दिवस मावळायला आला होता, मोळ्या भरून झाल्या होत्या. तोडणी बुडख्यातून होते की नाही हे पाहण्यासाठी मी फडात थांबलो होतो. शेजारीच त्याच सभासदाची पूर्वहंगामी लागण होती, दीड महिन्याची. टोळीतल्या एक वयस्क बाई, सगळे त्यांना आजीच म्हणत, त्या लागणीच्या कडेने वाकून काहीतरी खुडत होत्या. ओट्यात चाकवत, तांदुळजा आणि थोडी चिघळ, म्हणजे आपल्यापैकी काहीजण जिला घोळ म्हणतात ती. मला पाहून उभ्या राहिल्या.

"सायेब, इथं औषध मारलंय का?"

"कशावरून म्हणता आजी?"

"शेंडं बघा की. पाण्यावाचून सुकलं तर मान खाली टाकतं. हे वळलंय. पीळ पडलाय."

मी खाली बसून पाहिले. चाकवताचे शेंडे खरोखरच सुंभासारखे पिळवटलेले होते. टू-फोर-डीचे हेच लक्षण. रुंद पानाच्या तणावर ते पडले की झाडाची वाढ बेताल होते आणि देठ-पाने पिळतात, हे मी पदविकेच्या वर्गात शिकलो. आजी ते नुसते बघून शिकल्या होत्या. त्या प्लॉटवर आठ दिवसांपूर्वी फवारणी झाली होती, आणि ती माझ्याच शिफारशीने.

मी म्हटलं, "आजी, टाकून द्या ही भाजी. खाऊ नका."

त्यांनी ओटा बांधावर रिकामा केला, पदर झटकला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "परवा ह्याच कडंची केली हुती." आणि मग जरा थांबून, "एवढं हिरवंगार शिवार सायेब, अन् खायला पान नाही व्हय?"

परवा केलेल्या भाजीने कोणाला काही झाले नाही, एवढे दैव. त्या रात्री कोपीवर भाकरी आणि मिरचीचा ठेचा होता. कोपीत चार लहान पोरं होती. मी घरी जेवायला बसलो तेव्हा ताटात पालक होता. तो घशाखाली उतरेना, असे लिहिले तर ते खोटे होईल. जेवलो. पण झोप लागायला वेळ लागला.

टोळी मार्चमध्ये परत गेली. जाताना आजी म्हणाल्या, "पाऊस धरला की या. आमच्याकडं काय खात्यात ते बघा." आषाढात दोन दिवस रजा काढून गेलो.

पाणी येते कोठून

अकोले तालुका आपल्याला नवा नाही. आपल्या उसाचे पाणी तिथूनच येते. भंडारदऱ्याचे धरण १९१० साली बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. प्रवरेचे पाणी त्यात अडले, कालव्यांतून खाली आले आणि आपल्या कोरडवाहू बाजरीच्या रानाचे बागायत झाले. या पाण्यावरच्या उसातून १९५० साली लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने देशातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे त्याच वाटेने आपण सगळे आलो. २०२३ मध्ये निळवंड्याच्या डाव्या कालव्याला पाणी सुटले, तेही त्याच नदीचे. हे आपण अभिमानाने सांगतो, सांगावेही. पण ज्या दऱ्यांत हे पाणी साठले, त्या दऱ्यांत कोणाची तरी भातखाचरे होती. ज्यांची होती त्यांच्यापैकीच काहीजण आज आपल्या फडात कोयता घेऊन उभे राहतात. हे मला चाळिशी उलटेपर्यंत कधी सुचले नव्हते.

राजूर सोडले की उसाचा मुलूख संपतो. घाटघर, रतनवाडीकडे पाऊस इतका की आपल्याकडे वर्षभरात पडतो त्याच्या कितीतरी पट तिथे एका महिन्यात पडून जातो. खाली खाचरांत भात, वर उताराच्या वरकस जमिनीवर नागली आणि वरई. आजींच्या सुनेने पोहोचल्या पोहोचल्या चहा दिला. आजी मात्र घरी नव्हत्या, नागलीत खुरपायला गेल्या होत्या. मीही तिकडे गेलो.

आणि तिथे जे पाहिले ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला आहे.

आजी आणि तीन बायका खुरपत होत्या. प्रत्येकीच्या शेजारी दोन ढीग. एक ढीग बांधावर फेकून द्यायचा. दुसरा पाटीत. पाटीत कुरडू, टाकळा, कोवळा केणा आणि मला नावही ठाऊक नसलेली आणखी दोन पाने. खुरपणी आणि भाजी काढणी हे एकच काम होते. आपण ज्याला 'तणनियंत्रण' म्हणतो, त्यासाठी मजुरी देतो नाहीतर औषध विकत घेतो. त्या तेच काम करीत होत्या आणि रात्रीची भाजी घरी नेत होत्या. शिवाय सगळे उपटत नव्हत्या. कडेची काही कुरडू मुद्दाम राखलेली होती. विचारलं तर म्हणाल्या, "तिला फुलायची हाय. सगळी खाल्ली तर पुढल्या साली काय खाऊ?"

कोवळे केव्हा, जून केव्हा

रानभाज्यांची नुसती नावे सांगितली तर वाचणाऱ्याला काही मिळत नाही. त्या लोकांचे खरे ज्ञान नावात नाही, वेळेत आहे. टाकळा पहिल्या पावसानंतर उगवतो, चार-सहा पानांवर असेतो खायचा. फुलावर आला की त्याला कोणी हात लावत नाही. भारंगीची पाने कोवळी घ्यायची आणि नंतर तिच्या फुलांची वेगळी भाजी. चाई ही रानात झाडांवर चढणारी कंदाची वेल, तिचा मोहर श्रावण-भाद्रपदात खुडतात. तोच वेल जमिनीखाली कंद धरतो, पण कंदाची वेळ निराळी, वेल वाळल्यावरची. एका वेलाची दोन वेळची दोन अन्ने आणि दोन्हींत काही महिन्यांचे अंतर. हे कोणी पाटीवर लिहून ठेवलेले नाही.

कंद खणल्यावर त्याचे वरचे डोके, जिथून वेल फुटतो तेवढा तुकडा, परत त्याच खड्ड्यात पुरून माती लोटतात. मी विचारले, हे कोणी शिकवले? आजी हसल्या. "तुम्ही उसाचा डोळा पुरता तुम्हाला कोणी शिकिवलं?" मला उत्तर सुचले नाही. एक डोळा, दोन डोळा टिपरी हे आम्ही वर्षानुवर्षे सभा घेऊन सांगतो आहोत.

काही कंद तर विषारीच. कडूकंद तसाच खाल्ला तर उलट्या होतील. तो राखेच्या पाण्यात शिजवतात, काप करतात आणि वाहत्या ओहोळात टोपलीत घालून रात्रभर ठेवतात. कडू निघून जाते. घाटाखाली कोकणच्या बाजूला पावसाच्या तोंडावर शेवळ उगवते. तिने घसा भयंकर खाजतो, कारण तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. तिथले आदिवासी ती काकडाच्या आंबट फळांबरोबर किंवा चिंचेबरोबर शिजवतात. आता विचार करा, हे शोधून काढताना किती पिढ्यांचे घसे खाजले असतील. प्रयोगशाळा नव्हती, जीभ होती. चूक झाली तर तिची नोंद कागदावर होत नसे, माणसांच्या आठवणीत होत असे.

जाता जाता एक गंमत. मे अखेरचा वळीव पडला की आमचा शेतकी विभाग रात्री साडेसातला बॅटऱ्या घेऊन बाहेर पडतो, कडुलिंब आणि बाभळीवर जमलेले हुमणीचे भुंगेरे गोळा करायला. तोच पाऊस पडला की डोंगरातली माणसेही बाहेर पडतात, नवे कोंभ पाहायला. घड्याळ एकच. आम्ही त्यावर शत्रू पाहतो, ते जेवण पाहतात.

वरकस जमिनीचीही त्यांची रीत आहे. पहिल्या वर्षी नागली, मग वरई, मग खुरासणी आणि पुढे काही वर्षे ती जमीन पडीक टाकायची, की पुन्हा गवत-झुडूप येऊन तिला कस यावा. खुरासणीला गुरे तोंड लावत नाहीत, म्हणून ती पिकाच्या कडेनेही घालतात, कुंपणासारखी. तेल मिळते ते वेगळेच. जमिनीला विसावा देणे आपल्याला परवडत नाही हे मला मान्य आहे. पण आपण उसावर ऊस, खोडव्यावर खोडवा घेतो, पाण्याला मोजमाप नाही आणि चोपण झाली की माती परीक्षणाचा अहवाल घेऊन माझ्याकडे येतो. तेव्हा मला ती पडीक वरकस आठवते.

नागलीविषयी एक आकडा द्यायलाच हवा. शंभर ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तांदळात ते फार तर १० ते १५. संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, तेव्हा शहरात नाचणीच्या बिस्किटांच्या जाहिराती झाल्या. ज्यांनी ती टिकवली त्यांच्या घरात मात्र लग्नकार्याला भात हवा आणि नागलीची भाकर म्हणजे गरिबाची, असे म्हणणारी तरुण पोरे मला तिथेच भेटली. आजींचा नातूच त्यात होता.

म्हणून डोंगरातले सगळेच जसेच्या तसे आहे असे चित्र मी रंगवणार नाही. खाचरांतून इंद्रायणी भात मोठ्या प्रमाणावर आहे, १९८७ साली आलेला हा वाण त्यांना बाजारात पैसा देतो. युरियाच्या गोण्या तिथेही दिसल्या. भाताच्या रोपासाठी राब भाजतात, म्हणजे शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून जमीन भाजून घेतात. त्यामुळे तणाचे बी मरते आणि रोप जोमदार येते हे खरे. पण त्यापायी झाडांच्या फांद्या तोडून झाडे बोडकी होतात हेही खरे. फक्त एवढे लक्षात आले की ते रोपवाटिकेपुरते दोन-चार गुंठे भाजतात. आपण पाचटाला काडी लावतो ती एकरानुएकर, आणि तीही सेंद्रिय खत फुकट घालवण्यासाठी. असो, पाचटावर मी आधी पुष्कळ लिहिले आहे, पुन्हा लिहीत नाही.

कोंभाळण्याच्या राहीबाई

याच तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचे नाव आपण ऐकले असेल. महादेव कोळी समाजातल्या, शाळेची पायरी न चढलेल्या. घरात लोक आजारी पडू लागले, विशेषतः नातू, तेव्हा त्यांनी फवारलेल्या, विकतच्या अन्नाकडे संशयाने पाहिले आणि जुने गावठी बियाणे शोधून जपायला सुरुवात केली. वाल-घेवड्याचे कितीतरी प्रकार, भाताचे, नागलीचे, पालेभाज्यांचे वाण त्यांनी मडक्यांतून राख घालून जपले. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली, बीजबँक उभी राहिली. २०१८ साली बीबीसीने जगातल्या शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घातले आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

आपल्याकडे मान्यवर म्हणून त्यांचे नाव घेतले जाते, टाळ्या होतात. पण मला त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची वाटते. त्यांनी नवीन काही शोधले असे त्या कधी म्हणत नाहीत. जे सगळ्यांच्या घरी होते आणि सगळ्यांनी टाकले, ते त्यांनी टाकले नाही.

आपल्या ओट्यात काय होते

आता आपल्या शिवाराकडे वळू. आपण आदिवासी नाही, डोंगरात राहत नाही, हे आपले काम नाही असे वाटेल. पण आठवून पाहा. माझी आई दुसऱ्याच्या उसात खुरपायला जायची. संध्याकाळी येताना तिचा ओटा कधी रिकामा नसायचा. पावसाळ्यात तांदुळजा, कुंजीर, केण्याची पाने, हिवाळ्यात चाकवत, पाथरी, हरभऱ्याचा कोवळा पाला. पाथरी तर ती कच्चीच भाकरीबरोबर खायची, कांदा आणि तेल-मीठ लावून. बांधावर अंबाडी, तूर, एखादा एरंड, शेवग्याचे झाड. सरीत कोथिंबीर, मेथी, लसूण. आमच्या घरी भाजी विकत आणणे ही पाहुणे आल्यावरची गोष्ट होती.

हे सारे नाहीसे कसे झाले? कोणी दुष्टपणाने केले नाही. खुरपणीला बाई मिळेना, मिळाली तर मजुरी परवडेना. लावणीनंतर तीन ते पाच दिवसांत वापशावर अट्राझिन मारले की सुरुवातीचे तण उगवतच नाही, आणि नंतर रुंद पानाचे उगवले तर टू-फोर-डी. एका पंपावाल्या माणसाने दिवसात जे होते ते दहा बायकांना दोन दिवसांत होत नाही. म्हणून मीही शिफारस केली आणि अजूनही करतो. हरळी-लव्हाळ्याने गिळलेल्या लागणीला टनेज येत नाही, हे सभासदाला सांगणे माझे काम आहे.

पण एक गोष्ट माझ्याकडून राहिली. 'रुंद पानाचे तण' असे मी वर्गात, सभेत, पत्रकात शेकडो वेळा म्हटले असेल. रुंद पानाचे तण म्हणजे तांदुळजा. रुंद पानाचे तण म्हणजे चाकवत, कुंजीर, पाथरी, घोळ. म्हणजे आईचा ओटा. नाव बदलले की वस्तू मारायला सोपी जाते.

आणि प्लॉटमध्ये मारले ते एकवेळ समजू शकतो. बांध कशासाठी मारले? बांधावर ऊस नाही, तिथे तणाचा उसाला तितका त्रासही नाही. 'स्वच्छ बांध' दिसायला बरा, म्हणून पंपात उरलेले औषध बांधावर रिकामे करायची सवय लागली. त्या मोकळ्या झालेल्या जागेवर काय आले ते सगळे रोज पाहतो: काँग्रेस गवत. १९५५ च्या सुमारास पुण्यात पहिल्यांदा नजरेस आलेले हे परदेशी गवत आता आपल्या बांधाचा मालक झाले आहे. गुरे खात नाहीत, माणूस खात नाही, हाताला लागले तर खाज. खायची झाडे मारून आपण न खायचे झाड लावले, एवढाच त्याचा हिशेब.

तांदुळजात लोह भरपूर. घोळीत ओमेगा-३ जातीची स्निग्धाम्ले असतात, पालेभाज्यांत ती विशेषच समजायची. आपल्याकडच्या बायांच्या अंगात रक्त कमी, हे आरोग्य शिबिरात दरवेळी ऐकतो आणि गोळ्या वाटतो. गोळ्या वाटाव्यातच. पण ज्या बांधावर औषध फुकट उगवत होते तो बांधही आपल्याच सातबाऱ्यावर आहे.

काय करता येईल

तणनाशक बंद करा असे मी म्हणणार नाही. म्हणालो तर तुम्ही ऐकणार नाही आणि ऐकले तर पुढल्या हंगामात मलाच दोष द्याल. तीनच गोष्टी सुचवतो, त्यांतली पहिली सर्वांत महत्त्वाची.

ज्या प्लॉटवर फवारणी केली तिथे कोपऱ्यावर काठीला तांबडे फडके बांधा. खर्च शून्य. अट्राझिन जमिनीत कित्येक आठवडे राहते, तेव्हा ते फडके लगेच काढू नका, तो हंगाम तिथली भाजी खाण्याची नाही. टोळी शेतावर येईल तेव्हा मुकादमाला, आणि मुकादमापेक्षा बायकांना, स्वतः सांगा, कोणत्या बाजूला औषध मारलेले आहे. चिटबॉयने स्लिपबरोबर हे सांगावे असे मी गट ऑफिसला कळवले आहे. टोळीतली माणसे आपल्या शिवारात पाच महिने राहतात, त्यांची पोरे राहतात. त्यांना भाजी घ्यायला बाजार दूर पडतो आणि वेळही नसतो, हे आपण सगळे पाहतो.

दुसरे, शेताचा एक बांध, एकच, राखा. त्यावर फवारू नका, जाळू नका. काँग्रेस गवत फुलावर येण्यापूर्वी हाताने उपटा, पण हातमोजे किंवा पिशवी घालून. अंबाडीचे, तुरीचे चार दाणे टाका, शेवग्याची एक फांदी लावा. पहिल्या वर्षी फारसे काही दिसणार नाही, कारण जमिनीतले बी कमी झाले आहे. दुसऱ्या वर्षी तांदुळजा परत येतो. माझ्या स्वतःच्या अर्ध्या एकराच्या बांधावर आला आहे. कुंजीर अजून आलेली नाही, तिची वाट पाहतो आहे. खुडताना शेंडाच खुडा, आणि काही झाडे फुलू द्या. आजींचे हे म्हणणे मी तुम्हाला उसनवारीने देत आहे.

तिसरे, सावधगिरी. ओळखीची असेल तीच भाजी घ्या. धोत्र्याची कोवळी रोपे इतर पानांत मिसळून ओट्यात येऊ शकतात, ती विषारी आहेत. शेजाऱ्याच्या प्लॉटवर फवारणी झाली असेल तर वाऱ्याने आपल्या बांधावरही औषध येते, तेव्हा त्या बाजूचा बांध राखण्यासाठी निवडू नका. नुकताच युरिया टाकलेल्या सरीतला तांदुळजाही खाऊ नका, तो नत्र साठवून ठेवतो. आणि पाने पिळलेली दिसली की हात मागे घ्या. ही खूण आता मी सभेत आजींचा हवाला देऊन सांगतो.

कृषी विभाग २०२० पासून ऑगस्टमध्ये जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास तालुक्या-तालुक्यात रानभाजी महोत्सव भरवतो. सवड काढून एकदा जाऊन या, आणि जाताना घरातल्या बायांना घेऊन जा. पुरुष माणूस तिथे भजी खातो आणि परत येतो, हा माझा अनुभव. प्रश्न विचारतात त्या बायाच.

निघताना आजींनी मला एक पुरचुंडी दिली. कुरडूचे काळे चकचकीत बी, खसखशीपेक्षा जरा मोठे. म्हणाल्या, "तुमच्या बांधाला टाका. आमची पोरं येत्याल उसाला, त्यान्ला खायला हुईल." मी म्हटलं, "आजी, यंदा तुम्ही येणार ना?" तर म्हणाल्या, "गुडघं ऱ्हायलं तर येईन."

ज्या सभासदांना एक बांध राखावयाचा आहे त्यांनी आपल्या गट ऑफिसात नाव, गट नंबर आणि बांधाची दिशा नोंदवावी. कुरडूचे बी थोडे शिल्लक आहे, ते प्रथम येणाऱ्यांस मूठभर देता येईल. अंबाडीचे बी कोणाकडे जुने, गावठी असेल तर कृपया कळवावे, ते आम्हांला हवे आहे. तांबडी फडकी मात्र प्रत्येकाने आपापल्या घरची वापरावीत, त्यासाठी शेतकी विभागाकडे मागणी करू नये.